मे महिन्यातलं माहेर

मे महिन्यात, तेही मोटारसायकलवरून, बागलकोट-विजापूरकडे निघालेल्या माणसाला आमच्या बेळगावात वेड्यात काढतात. घाटाच्या पावसावर पोसलेली माणसं आम्ही. पारा अडतीसवर गेला की गल्लीत दुसरा विषय नसतो. पण आम्हां उभयतांना मे महिन्यातच जायचं होतं, कारण आमच्या सौ.चं माहेर त्याच महिन्यात दिसतं. एरवी ते पाण्याखाली असतं.

हे जरा फोड करून सांगायला हवं. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पायाभरणी १९६४ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. पाणी अडायला पुढं पस्तीस-चाळीस वर्षं गेली. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं ५१९.६० मीटर उंचीला परवानगी दिली आणि धरणाचा फुगवटा घटप्रभेच्या पात्रातून मागे मागे सरकत जुन्या बागलकोटात शिरला. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत अलमट्टी म्हटलं की सांगली-कोल्हापूरचा पूर, एवढंच येतं. त्या वादाचं काय ते जाणकारांनी ठरवावं. मला इतकंच वाटतं, की ज्यांना त्या पाण्यानं कायमचं उठवलं त्यांच्याबद्दल आपण फारसं वाचत नाही. त्यांत थोडी मराठी घरंही होती.

सासरेबुवांचं घर धाब्याचं, दगडी भिंतींचं, दारात आड असलेलं. भरपाई घेऊन मंडळी नवनगरात गेली. तिथं गल्लीला नाव नाही, सेक्टरचा नंबर आहे. सासरे तो नंबर शेवटपर्यंत चुकीचा सांगत. मला वाटतं, मुद्दाम. ते गेले. आता मेहुणाही मुलाकडे बेंगळुरूला कायमचा निघालेला. जूनमध्ये घराचा ताबा दुसऱ्याकडे जाणार. "अहो, यंदा गेलो नाही तर पुढं उतरायचं कुणाकडं?" एवढंच सौ. म्हणाल्या. शिवाय २०२३ साली कर्नाटकात दुष्काळ पडलेला, त्यामुळं धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेल्याचं मेहुण्यानं कळवलं होतं.

७ मे २०२४ चं मतदान झालं, माझी निवडणुकीची ड्यूटी संपली, आणि दोन दिवसांनी पहाटे चारला स्प्लेंडर बाहेर काढली. बसनं जाता आलं असतं, पण तळ्याच्या सुकलेल्या तळात बस उतरत नाही. आणि १९९४ साली, लग्नानंतर पहिल्यांदा, मी त्यांना माहेरी नेलं होतं ते येझदीवरून. त्या आठवणीचा हट्टही होताच.

उन्हातल्या प्रवासाचं एक शास्त्र आहे, ते तरुणांनी ऐकून ठेवावं. हवा अंगापेक्षा गरम झाली की वेगानं गाडी चालवून गारवा मिळत नाही. तो वारा उलट भाजून काढतो. म्हणून पूर्ण बाह्यांचं सुती कापड, मानेभोवती ओला पंचा, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी. आम्ही दर पन्नास किलोमीटरला थांबलो, इंजिनासाठी नि गुडघ्यांसाठीही. सौ.नी लिंबू, मीठ आणि साखर कालवून दोन बाटल्या घेतल्या होत्या. बाजारातल्या पुड्यांवर त्यांचा विश्वास नाही.

सांबऱ्यापर्यंत दुकानांच्या पाट्यांत मराठी भेटते, नेसरगी-यरगट्टी येता येता ती संपते, आणि बोलायचं काम आपोआप सौ.कडे जातं. त्या बागलकोटात कानडी शाळेत शिकल्या. मी मराठीचा एम.ए. माझं कानडी ट्रेझरीतल्या कारकुनाशी बोलण्यापुरतं. लोकापूरच्या अलीकडे एका अरवट्टिगेवर, म्हणजे आपल्या पाणपोईवर, म्हातारबुवांनी "बर्री, कुंदर्री" म्हणून सावलीत बसवलं. दहा मिनिटांत सौ.ना त्यांच्या तिन्ही सुनांची हकिगत ठाऊक झाली होती.

संध्याकाळी ऊन कलल्यावर मेहुण्याला पुढं घालून आम्ही जुन्या गावाच्या खालच्या अंगाला उतरलो. पाणी दूर गेलेलं. काळ्या चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा. त्यात मधूनमधून दगडी जोत्यांच्या ओळी. वासे-तुळया, चौकटी लोकांनी जाताना काढून नेल्या, त्यामुळं राहिलेलं गाव म्हणजे जमिनीवर आखलेला नकाशाच. कुणी गाळात काकड्या लावलेल्या. मेहुणा म्हणाला, "आपलं घर त्या तिकडं असावं." सौ. काही न बोलता उलट्या बाजूनं चालू लागल्या आणि गाळानं भरलेल्या एका आडाच्या कठड्यापाशी थांबल्या. आडावरून पायऱ्या, पायऱ्यांवरून उंबऱ्याची जागा. स्वयंपाकघरात त्या उभ्या राहिल्या. मी बाहेर थांबलो. आत जायला भिंत नव्हती, तरी थांबलो.

काकड्यांच्या वाफ्यातली एक म्हातारी कंबरेवर हात देऊन उठली. "यार मगळ्री?" तिनं विचारलं. कुणाची मुलगी? सौ.ना आता त्रेपन्न वर्षं पूर्ण झालीत. बेळगावात त्यांना कुणी असलं विचारत नाही. तिथं त्या हेडमास्तरांच्या बाई. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारीनं तोंडाला पदर लावला, आणि मग दोघी अशा काही भरभर बोलू लागल्या की मला निम्मंही कळेना. होळीचं चाललं होतं, एवढं उमगलं. बागलकोटची होळी नामांकित. पिंपांतून रंग भरलेल्या बंड्या हलगीच्या तालावर गल्लोगल्ली फिरतात. त्यांतली एक बंडी या दारात थांबायची, सासरे सगळ्यांना पन्हं द्यायचे. तीस वर्षांत हे मला सौ.नी सांगितलं नव्हतं. मराठीत सांगण्यासारखं ते नसावं.

म्हातारीनं चार काकड्या ओटीत घातल्या. पैसे घेतले नाहीत.

इतकं आलोच होतो तर पुढं तुळजापूरला कुलस्वामिनीचं दर्शन घ्यायचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गद्दनकेरी क्रॉसवरून विजापूरचा रस्ता धरला. कृष्णेवरचा लांबच लांब पूल ओलांडला की कोल्हार. तिथलं मातीच्या गाडग्यातलं दही सबंध मुलखात प्रसिद्ध आहे. मेहुण्याच्या बायकोनं दिलेल्या भाकरी, शेंगाचटणी, आणि त्या काकड्यांतली एक असा फराळ रस्त्याकडेच्या लिंबाखाली झाला. सौ.नी काकडीचं देठ चाखून बघितलं, कडू नाही म्हणाल्या, आणि मधला भाग काढून बिया कागदाच्या पुडीत बांधल्या.

"या कोवळ्या बिया रुजत नाहीत," मी म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या, पंचा भिजवून माझ्या हातात दिला आणि सोलापूर अजून किती लांब आहे ते विचारलं.