इंजेक्शन कुणाचं, बंदी कुणावर?

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा रोज पहाटे पाचला मैदानावर असतो. वडील हमाली करतात, आई धुणीभांडी. जिल्हा स्पर्धेत त्याचा नंबर थोडक्यात हुकला. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला विचारलं, "दादा, सगळे घेतात. मी घेतलं तर काय बिघडलं? दारू थोडीच आहे?"

हा मुलगा विहारात पंचशील म्हणतो. पाचव्या शीलाचा अर्थ त्याने फक्त दारू एवढाच घेतला, यात चूक त्याची की आमची? आम्ही दारूवर बोललो, गुटख्यावर बोललो. सुईवर कधी बोललोच नाही.

तो विचारत होता मेफेंटरमाईनबद्दल. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायचं हे औषध. मुलं ते दम टिकवायला टोचून घेतात आणि हृदय धोक्यात घालतात. स्पर्धेच्या काळात वापरायला ते जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीनुसार बंद आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाही मनाई आहे. तरी मिळतं. पुण्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडलेले आहेत.

मुलं हा धोका का पत्करतात? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ज्या घरात अंडी-दुधाची मारामार, तिथे पदक शोकेसमध्ये ठेवायला नको असतं. ते नोकरीसाठी हवं असतं.

हे आपल्या जिल्ह्यापुरतं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत राष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे नाडाचे अधिकारी आल्याचं कळताच खेळाडू गायब झाले. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. लोक हसले. आम्हाला प्रश्न पडला, अधिकारी आलेच नसते तर पदकं कुणाला मिळाली असती? २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले, २६० दोषी निघाले. आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मैदानांवर तर तपासणीची बाटली कुणी पाहिलेलीही नसते.

काही कार्यकर्ते म्हणतात, या तपासणीत गरिबाचंच पोर अडकतं. आम्हाला हे अर्धंच पटतं. इंजेक्शनला पैसे लागतात. ज्याच्याकडे तेही नाहीत, जो भाकरीवर धावतो, त्याचा नंबर कोण खातं? तपासणी त्याच्यासाठी हवीच.

पण उरलेलं अर्धं खरं आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हा नियम. बंदी चार वर्षांपर्यंत. प्रशिक्षकावर कारवाईची तरतूद कायद्यात आहे, पण लघवीचा नमुना खेळाडूचाच जातो. इंजेक्शन विकणारा आणि "घे रे, काही होत नाही" म्हणणारा त्या बाटलीत सापडत नाही. शहरातल्या मोठ्या खेळाडूला वकील आणि डॉक्टर मिळतात. आपल्या पोराला बंदी यादी मराठीत सांगणाराही कुणी भेटत नाही. ज्ञान नाकारायचं आणि मग अज्ञानाची शिक्षा द्यायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रत्येक स्पर्धेआधी मराठीत माहिती द्यावी. खेळाडू दोषी निघाला की प्रशिक्षकाची आणि औषध दुकानाची चौकशी व्हावी. आणि येत्या १४ एप्रिलला व्यायामशाळेतल्या पोरांसमोर आपण यावर बोलावं.

त्या मुलाला आम्ही सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मग नोकरीचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर नुसत्या शीलाच्या उपदेशाने मिळणार नाही. त्यासाठी संघटितच व्हावं लागेल.

जयभीम!