फुकटचा पाहुणा

चाळीत वाढलेल्या माणसाला पाळतीचे फारसे भय वाटत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत कोणाकडे कोणता पाहुणा उतरला, कोणाच्या डब्यात कालची पोळी गेली आणि कोणाची मुलगी दाखवायला कुठे नेली, हे सारे तिसऱ्या मजल्यावर पोचायला पाच मिनिटेही लागत नसत. पण त्या पाळतीत एक न्याय होता. जी काकू आमच्या दारात डोकवायची, तिच्या दारात आम्हीही डोकावू शकत होतो. शिवाय तिचे तोंड आम्हांला ठाऊक होते. भांडायचेच झाले तर तिला नळावर गाठता येई.

२००३ साली डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडात कॉम्प्युटर आला. त्याला क्रोशाचे आच्छादन शिवले गेले, दसऱ्याला झेंडूची माळ चढली आणि टेलिफोनच्या तारेतून इंटरनेटही आले. चिरंजीव तेव्हा नववीत होते. माऊसच्या बाणामागे चांदण्या पडाव्यात म्हणून त्यांनी कुठलीशी एक फुकटची गंमत उतरवून घेतली. चांदण्या पडू लागल्या खऱ्या. पण आठ दिवसांत ब्राउझरच्या माथ्यावर एकाखाली एक अशा तीन पट्ट्या येऊन बसल्या, नेहमीचे पहिले पान नाहीसे झाले आणि कोणी न बोलावता लहान लहान खिडक्या टपाटप उघडू लागल्या. एकीत जुगार, दुसरीत वजन उतरवण्याच्या गोळ्या. आणि आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या नेमक्या त्याच क्षणी एक अशी खिडकी उघडली, की चिरंजीवांनी सरळ विजेचे बटणच बंद केले. दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणाला, "काका, मशीन फॉरमॅट मारावी लागेल. स्पायवेअर आहे." चारशे रुपये घेऊन तो गेला. शब्द मात्र आमच्या घरी राहिला.

या एका शब्दावरून तिकडे अमेरिकेत केवढे महाभारत चालले होते, हे मला पुढे वाचून कळले. २००० साली स्टीव्ह गिब्सन नावाच्या प्रोग्रॅमरला स्वतःच्या कॉम्प्युटरवर न सांगता येऊन बसलेले जाहिरातींचे सॉफ्टवेअर सापडले. ते हाकलण्यासाठी त्याने ऑप्टआउट नावाचे साधन लिहिले. पण गाजले ते गेटरचे प्रकरण. हे गेटर तुमचे पासवर्ड लक्षात ठेवी, तुमचे अर्ज भरून देई, आणि दाम घेत नसे. मोबदल्यात तुम्ही कुठे कुठे हिंडता हे ते पाही आणि दुसऱ्याच्या पानावर आपली जाहिरात आणून उभी करी. म्हणजे आपल्या दुकानासमोर गिऱ्हाईक उभे आहे तोच शेजाऱ्याने आपल्या पाटीवर त्याची पाटी लटकवावी, तसे. २००२ साली वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स वगैरे वृत्तपत्रांच्या मालकांनी कोर्टात धाव घेतली; पुढल्या वर्षी तडजोड झाली. त्याच २००३ साली गेटर कंपनीने उलट पीसी पिटस्टॉप नावाच्या एका संस्थळावर फिर्याद लावली. तक्रार काय? तर आम्हांला 'स्पायवेअर' म्हणू नका, आम्ही 'ॲडवेअर'! गिऱ्हाइकाने 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवले आहे, मग हेरगिरी कसली? याही वादात तडजोड झाली आणि ती टीकेची पाने उतरली. कंपनीने त्याच वर्षी नाव बदलून क्लारिया असे घेतले आणि २००६ साली तो जाहिरातींचा धंदा आवरला.

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ होते, असे मी म्हणणार नाही. फुकट जेवायला बसलेल्याने यजमानाचे दोन शब्द ऐकून घ्यावेत, हे रीतीला धरूनच आहे. तुमच्या हातातला हा दिवाळी अंकदेखील सराफ, बँका आणि उटणी यांच्या जाहिरातींच्या टेकूवर उभा आहे. पण या अंकातली सराफाची जाहिरात तुम्ही कोणते पान किती वेळ वाचले हे रात्री उठून सराफाला सांगायला जात नाही. आणि 'मान्य आहे' म्हणाल तर त्या बटणामागे जो करारनामा असे, तो वाचून संपेपर्यंत चिरंजीव नववीतून दहावीत गेले असते.

दुसरा वाद दाराचा होता. त्या काळी दहातल्या नऊ घरांत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोररच नांदत होता. २००१ साली आलेली त्याची सहावी आवृत्ती विंडोजच्या हाडामांसी खिळलेली होती. ॲक्टिव्हएक्स नावाच्या सोयीमुळे एखाद्या पानाला तुमच्या एका होकारावर तुमच्या यंत्रात आपला प्रोग्रॅम बसवता येई. आणि कित्येकदा भोके अशी, की होकारही लागत नसे. जून २००४ मध्ये नेहमीच्या, सभ्य संस्थळांच्याच सर्व्हरांत शिरून कोणीतरी हे भोक वापरले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी यूएस-सर्ट या यंत्रणेने सुचवलेल्या उपायांत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही एक होता! त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या डागडुजीत त्या आगंतुक खिडक्या अडवण्याची सोय दिली, नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली, २००८ साली क्रोमने प्रत्येक पान वेगळ्या कोठडीत कोंडण्याची पद्धत आणली. एक्सप्लोरर २०२२ साली निवृत्त झाला. दाराला कडी बसली, यात शंका नाही.

गंमत अशी, की तोवर पाहुण्याला दार फोडण्याची गरजच उरली नव्हती. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली या गृहस्थाने कुकी नावाची एक लहानशी चिठ्ठी काढली. दुकानाला तुमच्या टोपलीत काय होते हे आठवावे, एवढाच तिचा उपयोग. पण पान एकाचे असते आणि त्यावरची जाहिरातीची जागा दुसऱ्याची. त्या दुसऱ्याच्या जागा हजारो पानांवर असल्या म्हणजे काय होते? वाणी, न्हावी, वैद्य आणि मंगल कार्यालय या साऱ्यांच्या कोपऱ्यात एकाच कंत्राटदाराचा माणूस वही घेऊन बसला आहे असे समजा. कोणी चोरी करीत नाही. फक्त रात्री साऱ्या वह्या एकत्र होतात.

हे मला पुस्तकी वाटत होते ते २०१९ पर्यंत. माझी थोरली बहीण, अक्का, यजमान गेल्यापासून आमच्याकडे असते. घरात एकच टॅबलेट. त्यावर मी वर्तमानपत्र वाचतो, सौभाग्यवती मालिका पाहतात आणि दुपारी तो अक्काकडे असतो. त्या ऑक्टोबरात वर्तमानपत्राच्या कडेला कर्करोगाच्या इस्पितळांच्या जाहिराती दिसू लागल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला देणारे, मग केमोथेरपीनंतर डोक्यावर घालायच्या मऊ टोप्या. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी हिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, "अहो, तुमचं काही दुखतंय का?" माझे काही दुखत नव्हते. हिचेही नव्हते. आम्ही दोघांनी एकदमच अक्काच्या खोलीकडे पाहिले.

तिच्या छातीत गाठ लागून तीन आठवडे झाले होते. डिसेंबरात चिरंजीवांचे लग्न. ते पार पडेपर्यंत ती बोलणार नव्हती. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि लग्नात अक्का डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसली. चिरंजीव आता स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते म्हणाले, "अक्काआत्या, बरंच झालं की! त्या जाहिराती आल्या नसत्या तर दोन महिने फुकट गेले असते." डॉक्टरांचेही मत तेच होते. अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं, खरंय. पण ते सांगायचं माझं होतं रे. तीन आठवडे मी शब्द जुळवत होते. चाळीतल्या काकूंनासुद्धा कळलं असतं ना, तर आधी माझ्यापाशी येऊन बसल्या असत्या."

चिरंजीवांना हे अजून पटलेले नाही. जीव मोठा की शब्द, असे ते विचारतात, आणि त्यांना तोडीस तोड उत्तर मला सापडत नाही. तरी मी अक्काच्या बाजूचा आहे. ज्याने त्या टोप्या दाखवल्या त्याला अक्का जगावी असे वाटत नव्हते. टोपी विकली जावी एवढेच वाटत होते. उपकार मानायचे तर कोणाचे?

आता ॲपलचा सफारी २०१७ पासून आणि फायरफॉक्स २०१९ पासून अशा परक्या चिठ्ठ्यांना आपणहून अडवू लागले. गूगलने २०२० साली क्रोममधून त्या काढण्याचे वचन दिले आणि २०२४ साली बेत फिरवला. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. संमती मोकळेपणी आणि समजून दिलेली हवी, असे तो म्हणतो. त्या संमतीची चौकट अक्का भिंग लावून शेवटपर्यंत वाचते. घरात एवढे वाचणारी ती एकटीच. परवा अनारशांची कृती शोधताना एका पानाने तिला, आम्ही आणि आमचे काहीशे भागीदार तुमची माहिती जपून वापरू, असे कळवले.

"काहीशे भागीदार?" अक्काने भिंग खाली ठेवले. "अनारशाला?" आणि फडताळातून आईची तेलकट वही काढून ती तांदूळ भिजत घालायला गेली.