‘काही त्रास नाही’ या उत्तराचं काय करायचं?

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना नमुना निवडणं जमतं, प्रश्नावलीही बांधता येते. अडतं ते पुढे. सून ‘काही त्रास नाही’ म्हणते आणि विद्यार्थी ‘नाही’वर टिक करून शेजारच्या दाराकडे वळतो. सासू तिथेच तांदूळ निवडत बसलेली असते, पण तिच्यासाठी रकाना नसतो. अशा उत्तरावर थांबलं तर किती निसटतं, ते बघा. राणी आणि अभय बंग या डॉक्टरांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. तपासणीत ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. नुसतं विचारून थांबलं असतं, तर कितीतरी आजारी बायका धडधाकट ठरल्या असत्या. त्या सगळ्याच काही लपवत नव्हत्या. पुष्कळजणींना ते दुखणं बाईच्या जन्माला चिकटलेलंच वाटत असणार.

कुणी म्हणेल, आजार तपासता येतो, नवऱ्याची मारहाण कशी तपासणार? म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचाराचे प्रश्न घरटी एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारतात. एकांत नसेल तर ते प्रश्न सोडून देतात, आणि ते तसं नोंदवतात. प्रश्न न विचारणं हीसुद्धा माहितीच. आमच्याकडच्या प्रबंधांत मात्र पाच खणांची मोजपट्टी, संगणकातून निघालेले रंगीत तक्ते आणि ‘सर्व उत्तरदात्यांनी सहकार्य केले’ हे ठरलेलं वाक्य. सगळ्यांनी सहकार्य केलं म्हटलं, की मला आधी संशय येतो.

वस्तीत वर्षानुवर्षं राबलेले आमच्यासारखे लोक यावर छाती फुगवतात: आम्हाला चेहऱ्यावरून कळतं. कळतंही, आणि त्याचा मला जरा जास्तच माज आहे. पण ज्या बाईला आमच्याकडून शिधापत्रिकेचं काम करून घ्यायचंय, ती आम्हाला रुचेल तेच सांगणार. परक्या पाहणीवाल्याला ती अदबीने कटवते, आम्हाला अदबीने खूश करते. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे, तेव्हा तिथे कोण बसलं होतं, विचारणाऱ्याकडून बाईला काय हवं होतं, हे लिहायला मी सांगतो. त्याने अर्धी पानं ‘खात्रीलायक नाही’ या शेऱ्याने भरतात, नमुना आटतो आणि मार्गदर्शक वैतागतात. वैतागू देत.