अब्दुलच्या पुढचं नाव

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत 'अब्दुल' अशी नुसती हाक कुणी मारत नाही. रज्जाकभाई, सत्तारभाई, रहमानचाचा. घरची माणसं नावाचा दुसरा भाग धरतात. पहिलाच धरून ठेवतात ते बाहेरचे.

अब्द म्हणजे बंदा, दास. 'उल' हा जोड. म्हणजे 'अब्दुल' एवढंच म्हटलं तर '…चा दास' इतकंच हाती येतं. कुणाचा, ते पुढच्या शब्दात. रामदासातला राम काढून टाकावा, तसं हे. पुढचा शब्द अल्लाच्या नावांपैकी एक असतो: रज्जाक म्हणजे रोजी देणारा, सत्तार म्हणजे उणिवांवर पांघरूण घालणारा, करीम म्हणजे उदार. बाळाच्या कानात अजान दिल्यावर बापानं यातलं नेमकं एक निवडलेलं असतं. ते गाळून नाव कसं घ्यायचं?

रहमान आणि रहीम, दोन्हींच्या मुळाशी दया. अरबीत गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात, तोही याच धातूचा. पण दोघांत फरक आहे. रहीम माणसालाही म्हणता येतं. रहमान फक्त अल्लाला. म्हणून वस्तीत 'रहमानचाचा' चालत असलं, तरी जुनीजाणती माणसं 'अब्दुर्रहमान' असंच पुरतं म्हणायचा आग्रह धरतात. मला तो आग्रह फार आवडतो.

उच्चाराचं थोडं. र, स, न अशा अक्षरांपुढे अरबीत 'ल' गळतो आणि पुढचं अक्षर दुहेरी होतं: अब्दुर्रहमान, अब्दुस्सत्तार. क, ह यांच्यापुढे टिकतो: अब्दुल करीम, अब्दुल हमीद. आपल्या कागदांवर सरसकट 'अब्दुल'.

अचलपूरला शाह दूल्हा रहमान गाझींचा दर्गा आहे. मूळ नाव अब्दुर्रहमान. लग्नाच्या मांडवातून उठून ते लढाईवर आले आणि इथं ईल राजाशी लढताना पडले, म्हणून 'दूल्हा', अशी कथा सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो न उतरो, वऱ्हाडानं या नावाला आपला शब्द जोडून घेतला, हे खरं.

अशा नावांची माणसं इतिहासात ठिकठिकाणी भेटतात. १५९६ मध्ये वऱ्हाड प्रांत मोगलांकडे गेला. त्या मोहिमेत अब्दुर्रहीम खान-इ-खानान होता. दोह्यांचा कवी रहीम तो हाच. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. १९८० ते ८२ मुख्यमंत्री असलेले अब्दुल रहमान अंतुले, 'ए. आर.' लिहिलं की एकाच नावाची दोन अक्षरं होतात.

हल्ली मोबाईलवरच्या मेसेजांत 'अब्दुल' हे अख्ख्या समाजाला हिणवायचं टोपणनाव झालंय. शिकलेली माणसं पुढे पाठवतात. वाईट वाटतं, आणि रागही येतो. ज्या नावात माणूस स्वतःला दास म्हणवतो, त्याचीच शिवी करायची?

वऱ्हाडात नावं लिहायची पद्धत वेगळी आहे: शेख रहीम शेख करीम, सय्यद उस्मान सय्यद गफूर. पोराच्या आणि बापाच्या, दोघांच्या नावाआधी शेख किंवा सय्यद. जुन्या कागदांत मधे 'वल्द' असायचं, अमक्याचा मुलगा अशा अर्थी. तेव्हा तो शब्द हिंदूंच्या नावातही सर्रास यायचा: नामदेव वल्द तुकाराम. कुणाला परका वाटत नव्हता.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नावाचे तीन रकाने: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. 'अब्दुल रज्जाक अब्दुल सत्तार' आला की लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. 'अब्दुल' आडनावात जातं, 'रज्जाक' नावात, उरलेला 'अब्दुल सत्तार' बापाच्या रकान्यात. एका कार्यालयात मी पोराला 'मिस्टर अब्दुल' म्हणून पुकारलेलं ऐकलंय. तो उठलाच नाही, आणि त्याचा नंबर गेला. नव्या आईबापांना मी सांगतो, जोडून लिहा, 'अब्दुलरज्जाक', आणि आडनावाचा रकाना पहिलीच्या प्रवेशालाच काय तो ठरवा. दाखल-खारीजला चुकीचं चढलं की दहावीची सनद, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच उतरतं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल आणि अमरावतीच्या चकरा.