पास देणारा खेळाडू

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांच्याविषयी मी वाचू लागलो ते खेळासाठी नव्हे, व्यापारासाठी. खेळाडूची मिळकत बहुधा खेळाबरोबरच ओसरते. या गृहस्थांनी ती वाढविली कशी, हे मला पाहायचे होते.

मिशिगन राज्यातील लान्सिंग हे त्यांचे गाव. वडील मोटारींच्या कारखान्यात कामगार. शिवाय कचरा वाहून नेण्याचा स्वतःचा छोटा धंदा. १९७९ साली ते लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात दाखल झाले. सहा फूट नऊ इंच उंचीचा माणूस एरवी टोपलीखाली उभा करतात. हे मात्र चेंडू वाटण्याच्या जागी खेळले. संघाने त्यांच्या काळात पाच अजिंक्यपदे मिळविली. मला त्यांचा निराळाच आकडा मोठा वाटतो. ज्या पासवर सहकाऱ्याने गुण केला, असे १०,१४१ पास त्यांच्या नावावर आहेत. सामन्यामागे ११.२ ही त्यांची सरासरी अद्याप कोणी ओलांडलेली नाही. दुसऱ्याच्या कमाईची नोंद आपल्याही नावे करणारी अशी वही आमच्या बाजारपेठेत मी तरी पाहिलेली नाही.

व्यापाराचा पहिला धडा त्यांना महाग पडला. नाइके कंपनीने बुटांच्या करारापोटी शेअर देऊ केले होते. शेअर म्हणजे काय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून आपण कन्व्हर्सची रोख रक्कम पत्करली, असे ते स्वतःच सांगतात. पुढे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांनी चित्रपटगृहे उभारली. तेथे पैसा लावायला मोठे भांडवलदार कचरत होते. १९९८ मध्ये स्टारबक्सशी निम्मी भागीदारी करून तशाच वस्त्यांत शंभरावर कॉफीगृहे चालविली आणि काचेच्या कपाटात वस्तीला आवडणारा रताळ्याचा पाय ठेवला. गिऱ्हाईक ओळखणे म्हणतात ते हेच. २०१० साली तो हिस्सा विकून ते मोकळे झाले.

परंतु या हिशेबाच्या मधोमध ७ नोव्हेंबर १९९१ ही तारीख येते. त्या दिवशी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे त्यांनी पत्रकारांसमोर सांगितले आणि निवृत्ती जाहीर केली. पुढल्या वर्षी बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून ते लेकर्सकडे परतू पाहत होते. पण सोबत खेळण्यास काही खेळाडू भ्यायले. एका सराव सामन्यात त्यांच्या हाताला ओरखडा उठला, तेव्हा सारे मैदान चिडीचूप झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी पुन्हा निवृत्ती घेतली. १९९६ मध्ये मात्र ते परतले आणि ३२ सामने खेळले.

हा भाग वाचताना मला आमच्या सांगलीच्या हळदीच्या अडतीवरील टेम्पोचालक आठवला. त्याच सुमारास त्यालाही हाच आजार निघाला. एका दवाखान्यात त्याला व्हरांड्यातच बसवून ठेवले. पेढीवर हमालांनी त्याचा चहाचा पेला निराळा खिळ्याला टांगला. अण्णा दुपारी बाजारातून आले, त्यांनी तो पेला काढला, स्वतः विसळला आणि त्यातच चहा मागितला. बोलले काहीच नाहीत. त्यानंतर पेले एकत्र राहिले, कुरकुर मात्र बरेच दिवस चालली. दोन हमाल काम सोडूनही गेले, आणि ऐन हंगामात ती उणीव चांगलीच जाणवली.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला निघालेली नवी औषधे जॉन्सन यांना मिळाली. आज ते साठी ओलांडून व्यापार करीत आहेत. सरकारी दवाखान्यांत तीच मोफत मिळू लागली ती २००४ साली. आमचा चालक १९९७ च्या दिवाळीआधी गेला. त्या पाडव्याच्या वहीपूजनानंतर अण्णांनी त्याच्या नावावरची उचल माफ केली आणि मुलगा हाताशी येईपर्यंत त्याच्या बायकोला दरमहा रक्कम द्यायला सांगितली. ती कोणत्या खात्यावर लिहू, असे दिवाणजींनी विचारले. धर्मादाय लिहावे, असे त्यांनीच सुचविले. अण्णा म्हणाले, “पगार लिहा.”