कारण कोणी द्यावे? : चार प्रवासपत्रे

पत्र पहिले

लंडन, ६ मे

तीर्थस्वरूप दादांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ज्या इंग्रजाने आपल्यावर १८७८ चा हत्यारांचा कायदा लादला त्याने स्वतःच्या घरी बंदुकीची काय व्यवस्था लावली आहे, आणि त्याच्याच कुशीतून निघालेल्या अमेरिकेने नेमकी उलट वाट का धरली, हे डोळ्यांनी पाहून कळवावे, असे तुम्ही निघतेवेळी सांगितले होते. त्या आज्ञेनुसार हे पहिले पत्र. आगरातील वानर-डुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीपायी तुम्ही कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवल्या आहेत आणि निवडणुका आल्या की ती मुकाट्याने ठाण्यात जमाही केली आहे. तेव्हा परवाना या वस्तूचे वजन तुम्हांला निराळे सांगायला नको.

पार्लमेंटच्या दारावर आखूड बंदुका छातीशी धरलेले शिपाई उभे दिसतात खरे, पण तेथून चार पावले आतल्या रस्त्याला वळले की गस्तीवर जो शिपाई भेटतो त्याच्या अंगावर दंडुका, बेड्या आणि बिनतारी यंत्र याखेरीज फारसे काही नसते. १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीसदल उभारले तेव्हा लोकांच्या मनात लष्करी अंमलाची धास्ती होती, म्हणून शिपायाला लाल नव्हे तर निळा पोशाख आणि तलवारीऐवजी लाकडी दंडुका देण्यात आला. आणि आजही इंग्लंडातील बहुसंख्य शिपाई बंदुकीवाचूनच आपले काम करतात.

परंतु हा देश पूर्वीपासून असा निःशस्त्र होता अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. राजा दुसरा जेम्स याने प्रॉटेस्टंट प्रजेची शस्त्रे काढून घेतली, या तक्रारीवरून १६८९ च्या हक्कांच्या सनदेत असे कलम घातले गेले की प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या स्थितीस अनुरूप आणि कायद्याने मुभा दिली असेल तितकी शस्त्रे स्वसंरक्षणार्थ बाळगता यावीत. पुढे १८७० साली घराबाहेर बंदूक वागवण्यासाठी परवाना आवश्यक झाला, पण तो टपालकचेरीत दहा शिलिंग भरले की मिळे; ती केवळ महसुलाची बाब होती. त्यानंतर आठच वर्षांनी लॉर्ड लिटन यांच्या सरकारने हिंदुस्थानातल्या एतद्देशीयाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी केली आणि युरोपीयांना मात्र त्या बंधनातून सूट दिली, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एकाच राजवटीचे दोन चेहरे स्पष्ट होतात.

इंग्रजाला एतद्देशीयांविषयी होते तसे भय स्वतःच्या माणसांविषयीही वाटू लागले ते पहिल्या महायुद्धानंतर. रशियात क्रांती झालेली, लक्षावधी सैनिक हत्यारांचा सराव घेऊन बेकारीत परतलेले, आणि आयर्लंड पेटलेले, अशा वेळी १९२० चा कायदा झाला. रायफल किंवा पिस्तूल हवे असेल तर पोलीसप्रमुखाकडे अर्ज करून सबळ कारण दाखवावे, असे त्याने ठरवले. कारण सांगण्याचा भार त्या दिवशी नागरिकाच्या शिरावर आला, तो आजतागायत उतरलेला नाही; आणि "मला स्वतःचे रक्षण करायचे आहे" हे कारण तर गेली कित्येक दशके ग्राह्यच धरले जात नाही.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
वसंत

पत्र दुसरे

डनब्लेनजवळ, स्कॉटलंड, १९ मे

तीर्थस्वरूप दादांस,
साष्टांग नमस्कार.

या भागात एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो आहे. यजमानांकडे छर्‍यांची एक दुनळी आणि हरणांसाठी एक रायफल आहे, आणि माझी उत्सुकता पाहून त्यांनी त्या दोन्ही मोठ्या आस्थेने दाखवल्या. जिन्याखालच्या कोठीत भिंतीला बोल्टांनी आवळलेले पोलादी कपाट आहे. त्याची किल्ली कोठे असते हे त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नाही, कारण परवाना त्यांच्या एकट्याच्या नावाचा आहे आणि दुसऱ्या कोणाचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचता कामा नये, अशी शर्त आहे. रायफलीच्या परवान्यावर हत्याराचा क्रमांक तर आहेच, शिवाय एका वेळी किती काडतुसे विकत घ्यावीत आणि जास्तीत जास्त किती घरात ठेवावीत याचेही आकडे घातलेले आहेत. मुदत पाच वर्षांची. नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडून प्रकृतीची आणि मनःस्थितीची माहिती मागवली जाते, पोलीसखात्याचा माणूस घरी येऊन कपाट तपासतो आणि अर्जदाराशी बोलतो. या सगळ्याचा जाच होतो का, असे मी विचारले, तेव्हा यजमान म्हणाले, "जाच होतो. पण डनब्लेनपासून इतक्या जवळ राहून त्याविषयी तक्रार करायला माझी जीभ उचलत नाही."

त्या गावात काल जाऊन आलो. ॲलन नदीच्या काठी एक प्राचीन कॅथीड्रल आणि त्याच्याभोवती दगडी घरे, असे हे लहानसे गाव. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक मनुष्य शिरला आणि त्याने पाच-सहा वर्षांची १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांना ठार करून स्वतःचाही अंत करून घेतला. त्याच्याजवळची चारही पिस्तुले कायदेशीर परवान्याची होती, आणि साऱ्या देशाला हादरवले ते नेमके याच गोष्टीने. त्याआधी १९८७ साली हंगरफर्ड येथे एकाने १६ जणांचे प्राण घेतले होते, आणि पुढच्याच वर्षी स्वयंभरणी रायफलींवर बंदी आली होती. परंतु पिस्तूल तेवढे शिल्लक राहिले होते.

डनब्लेननंतर जे घडले ते लोकशाहीच्या अभ्यासकाने मुळातून वाचावे असे आहे. त्या ऋतूत फुलणाऱ्या हिमपुष्पाचे, स्नोड्रॉपचे, नाव घेऊन काही सामान्य स्त्रीपुरुषांनी एक अर्ज फिरवला, आणि सात लाखांहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने जेवढे सुचवले त्याहूनही पुढे जाऊन १९९७ साली पार्लमेंटने दोन कायदे केले: पहिला हुजूरपक्षाच्या कारकिर्दीत, मोठ्या व्यासाच्या पिस्तुलांवर, दुसरा मजूरपक्षाच्या कारकिर्दीत, उरलेल्या लहान पिस्तुलांवर. एक लाख साठ हजारांहून अधिक पिस्तुले लोकांनी नुकसानभरपाई घेऊन सरकारच्या हवाली केली. उत्तर आयर्लंड या बंदीतून वगळलेला आहे.

नेमबाजीचा निरुपद्रवी छंद असलेल्या हजारो सज्जनांवर यात अन्याय झाला, हे मान्य केले पाहिजे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी पिस्तुलाच्या स्पर्धांना खास मुभा द्यावी लागली होती. कायद्याने सारे पाप धुऊन निघाले असेही नाही, कारण २०१० साली कम्ब्रियात परवान्याच्याच बंदुकांनी १२ जणांचे बळी गेले. परंतु शाळेत मुलांवर अशी आपत्ती ब्रिटनमध्ये डनब्लेननंतर पुन्हा आलेली नाही. स्मशानभूमीतील स्मृतिस्थानी त्या मुलांची नावे वाचताना माझ्या मनाने कौल दिला, की एका छंदाचा बळी देऊन हे साधले असेल तर तो सौदा न्याय्य होता.

आपला,
वसंत

पत्र तिसरे

कॉन्कर्ड, मॅसॅच्युसेट्स, २ जून

तीर्थस्वरूप दादांस,
साष्टांग नमस्कार.

अमेरिकेच्या मनाची गाठ जेथे पडली त्या ठिकाणाहून लिहितो आहे. १९ एप्रिल १७७५ रोजी बॉस्टनमधून इंग्रज पलटण निघाली ती येथे साठवलेली तोफा-बंदुकांची सामग्री जप्त करण्यासाठी. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर आठ वसाहतवाले पडले, आणि येथल्या उत्तरेकडील पुलाजवळ शेतकऱ्यांनी गोळीबार करून पलटणीला मागे हटवले. पुलापाशी डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला १८७५ चा पुतळा आहे: एका तरुण शेतकऱ्याच्या हातात बंदूक, आणि शेजारी नुकताच सोडलेला नांगर. शाळेच्या सहलीला आलेली मुले त्याच्या पायाशी बसून डबे खात होती. सरकार हत्यारे काढून घ्यायला आले आणि नागरिकांनी ती दिली नाहीत, या घटनेपासून ज्या राष्ट्राची जन्मकथा सुरू होते, त्या राष्ट्राच्या पुढील विचारावर तिची छाया पडणे अपरिहार्यच होते.

१७९१ साली घटनेला जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत सुव्यवस्थित नागरी सेनेची आवश्यकता सांगून लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला बाध आणू नये, असे म्हटले आहे. हा हक्क सेनेच्या निमित्ताने आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, यावर दोन शतके वाद चालला, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा ठरवला. पुढे २०२२ साली न्यूयॉर्क राज्याचा सुमारे शतकभर चालत आलेला नियम, की पिस्तूल घेऊन बाहेर वावरायचे असेल तर विशेष कारण दाखवावे, त्याच न्यायालयाने रद्द केला. लंडनमध्ये १९२० पासून जो भार नागरिकावर आहे तो येथे असा उचलून सरकारच्या शिरावर ठेवला गेला. १६८९ च्या एकाच बीजाला एका तीरावर पार्लमेंटने छाटत छाटत खुंटवले आणि दुसऱ्या तीरावर न्यायालयाने वाढवत वाढवत वृक्ष केला.

तरी अमेरिका एकजिनसी नाही. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली गोळी झडली तेथेच आज बंदुकीसाठी स्थानिक पोलीसप्रमुखाकडे अर्ज करावा लागतो, आणि बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण या देशातील सर्वांत कमी असलेल्या राज्यांत त्याची गणना होते.

एका गोष्टीने मात्र मला अंतर्मुख केले. यादवी युद्धानंतर मिसिसिपीसारख्या दक्षिणी राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्र बाळगण्याची बंदी करणारे कायदे केले होते. आणि १९५६ साली घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी माँटगोमरीत शस्त्र वागवण्याचा परवाना मागितला, तो त्यांना नाकारण्यात आला. परवाना देणारा हात पक्षपाती असला की परवाना हेच दडपशाहीचे साधन होते, हे काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. म्हणून अमेरिकन मनुष्य सरकारविषयी साशंक असतो तेव्हा त्याला वेडा ठरवून मोकळे होणे मला जमत नाही.

आपला,
वसंत

पत्र चौथे

डॅलस, टेक्सस, १७ जून

तीर्थस्वरूप दादांस,
साष्टांग नमस्कार.

येथल्या इस्पितळाच्या आणि काही दुकानांच्या दारांवर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत, ठसठशीत अक्षरांत पाट्या लावलेल्या दिसतात: झाकून ठेवलेले पिस्तूल घेऊन आत येऊ नये, ही एक, उघड्यावर दिसणारे पिस्तूल घेऊन येऊ नये, ही दुसरी. २०२१ पासून या राज्यात २१ वर्षांवरील बहुतेक नागरिकांना परवान्यावाचून पिस्तूल बाळगून हिंडण्याची मुभा आहे, तेव्हा ज्याला ते नको असेल त्यानेच दारावर तसे लिहायचे, असा हा रिवाज.

बंदुकांच्या एका दुकानात बराच वेळ उभा राहिलो. काचेच्या मांडणीत पिस्तुले, मागच्या भिंतीवर रायफली. एक मध्यमवयीन बाई ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय नमुना भरत होत्या. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, अमली पदार्थांचे व्यसन आहे काय, मनोरुग्ण म्हणून न्यायालयाने ठरवले आहे काय, असे प्रश्न, आणि त्यांपुढे होय-नाहीचे रकाने. दुकानदाराने ती माहिती केंद्रीय तपासखात्याला कळवली आणि काही मिनिटांत अनुमती आली. कशासाठी हवे, हा प्रश्न त्या नमुन्यात नाही. खात्याचा निर्णय कामकाजाच्या तीन दिवसांत आला नाही तर बहुतेक प्रसंगी दुकानदाराला विक्री करता येते. आणि धंदा न करणाऱ्या एका माणसाने त्याच राज्यातल्या दुसऱ्याला बंदूक विकली तर केंद्राच्या कायद्याने ही तपासणीही लागत नाही. १९८६ च्या कायद्याने मालकांची मध्यवर्ती नोंदवही करण्याचीच मनाई आहे, त्यामुळे बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे सरकारकडे जमा होतात, पण मालकाच्या नावावरून त्यांत शोध घेता येत नाही.

याच शहरात पुस्तकांच्या जुन्या कोठाराच्या सहाव्या मजल्यावर आज वस्तुसंग्रहालय आहे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने आपली रायफल शिकागोच्या दुकानातून खोट्या नावाने, टपालाने, सुमारे २१ डॉलरांत मागवली होती. टपालाची ही विक्री बंद व्हायला १९६८ साल उजाडावे लागले, आणि मध्यंतरी डॉ. किंग व रॉबर्ट केनेडी यांचेही खून पडले.

जाणकारांच्या २०१७ च्या अंदाजानुसार या देशात नागरिकांजवळ ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे दर शंभर माणसांमागे सुमारे १२०. इंग्लंड-वेल्समध्ये हेच प्रमाण पाचाच्या आत आहे. २०२१ साली येथे ४८ हजारांहून अधिक लोक बंदुकीने मेले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. वर्तमानपत्रांत गाजतात ती हत्याकांडे. पण घरच्या खणातले पिस्तूल सर्वाधिक वेळा उलटते ते घरच्याच खचलेल्या माणसावर, हे मला या साऱ्या आकड्यांतले सर्वांत दारुण सत्य वाटते. बंदूक हाताशी नसती तर त्या घटकेचा उमाळा ओसरून कित्येक जीव वाचले असते.

आता, दादा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर. शस्त्र घरात असले म्हणजे नागरिक राज्यसत्तेपुढे बलवान होतो, हा अमेरिकेचा मूळ सिद्धांत. परंतु १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक येथील शाळेत २० बालके आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले, त्यांचे आईबाप सिनेटच्या दारी गेले, खरेदीदाराची तपासणी वाढवण्याच्या बेताच्या सुधारणेला बहुसंख्य जनतेचा पाठिंबा होता, आणि तरीही एप्रिल २०१३ मध्ये ५४ मते पडूनसुद्धा ती नामंजूर झाली, कारण त्या सभागृहाच्या रिवाजाने ६० हवी होती. टेक्ससमधल्याच उवाल्डे गावी २०२२ साली १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्यावर काही मर्यादित सुधारणा झाल्या, एवढेच. इकडे डनब्लेनच्या आईबापांपाशी कागद आणि सह्या याखेरीज काही नव्हते, आणि दोन वर्षांच्या आत दोन्ही पक्षांच्या सरकारांनी त्यांचे ऐकले. या दोन नागरिकांत राज्यसत्तेपुढे अधिक बलवान कोण ठरला?

परवाना पक्षपाती हातांत जाण्याचे भय खरे आहे. आपण ते परकी अमलात भोगले आहे. त्या भयावरचा उपाय परवाना देणाऱ्याला निवडणुकीने, न्यायालयाने आणि निर्भय वृत्तपत्राने जबाबदार ठेवणे हा आहे. प्रत्येक घरात पिस्तूल पोहोचवणे हा नव्हे. ज्या वस्तूने एका क्षणात दुसऱ्याचा जीव जातो ती मागणाऱ्याने कारण सांगावे, आणि ते कारण ऐकणाऱ्या अंमलदाराने आपल्या निर्णयाचे कारण लोकांना सांगावे: या दोन्ही जबाबदाऱ्या जेथे एकत्र नांदतात तेथेच मला स्वातंत्र्य सुरक्षित दिसते. तुमच्या वकिलीच्या अनुभवाला यात कोठे उणे दिसत असेल तर अवश्य कळवावे. न्यूयॉर्कच्या पत्त्यावर आठवडाभरात पत्र मिळेल.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
वसंत