हेरांच्या वाटेने बर्लिन

आवडती मालिका दुसऱ्यांदा पाहण्यात एक वेगळीच मजा असते. कोण फितूर आहे, कोण वाचणार आहे हे आधीच ठाऊक असतं. मग कथेमागे धावणारं लक्ष रस्त्यांकडे, घरांकडे, स्टेशनांकडे वळतं. तुम्ही बर्लिनच्या सहलीचा बेत आखत असाल, तर 'होमलँड' या अमेरिकन हेरमालिकेचा पाचवा सीझन असाच पुन्हा पाहा. २०१५ साली आलेल्या या सीझनचे बाराही भाग जर्मनीत, बर्लिन आणि त्याच्या आसपास चित्रित झाले आहेत. तुम्ही तो अजून पाहिला नसेल, तर पुढे कथेतल्या काही गोष्टी उघड होतील, हे आधीच सांगून ठेवते.

थोडा जमलेला, थोडा फसलेला

सीआयए सोडलेली कॅरी (क्लेअर डेन्स) बर्लिनमध्ये एका उद्योगपतीच्या संस्थेत नोकरी करते, लेकीला वाढवते. तेवढ्यात हॅकर्सच्या हाती गुप्त कागदपत्रं लागतात आणि जर्मन यंत्रणा स्वतःच्या कायद्याला बगल देऊन अमेरिकेकरवी नागरिकांवर पाळत ठेवते, हे उघड होतं. ही सुरुवात दमदार आहे. २०१३ मध्ये स्नोडेन प्रकरण आणि पाठोपाठ चान्सलर मर्केल यांच्या फोनवर पाळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. जर्मनीत तो घाव ताजा होता.

पण मध्यावर गाडी अडखळते. जखमी क्विनला एक अनोळखी माणूस वाचवतो आणि नेमक्या त्याच इमारतीत जिहादी राहत असतात! शोधपत्रकार लॉरा दर भागात एकाच सुरात भांडते. याउलट ॲलिसनचा धागा दुसऱ्यांदा पाहताना जास्त रंगतो. बर्लिनमधली ही सीआयएप्रमुख रशियाला फितूर आहे आणि ज्याच्याशी तिची जवळीक आहे, त्या सॉलला त्याचा पत्ताही नाही. हे माहीत असताना तिचं प्रत्येक हसू पाहा.

काचेचं स्टेशन

शेवटच्या भागांत दहशतवाद्यांचं लक्ष्य असतं बर्लिनचं मुख्य रेल्वे स्टेशन, म्हणजे हाउप्टबानहोफ. २००६ मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनात गाड्या दोन पातळ्यांवर धावतात. पूर्व-पश्चिम गाड्या वर, काचेच्या छताखाली. उत्तर-दक्षिण गाड्या खाली, बोगद्यात. मधल्या मजल्यावर उभं राहून वर आणि खाली पाहा. विषारी वायूच्या हल्ल्यासाठी कथेत हीच जागा का निवडली, ते लगेच कळेल.

याच स्टेशनातून यू-५ ही मेट्रो पकडा आणि माग्डालेनेनश्ट्रासेला उतरा. तिथून पायी काही मिनिटांवर श्टाझी संग्रहालय आहे.

जिथे घरातलाच खबऱ्या असे

श्टाझी म्हणजे पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा. संग्रहालय तिच्या मुख्यालयातच आहे. मंत्री एरिक मील्के यांचं कार्यालय टेबल-खुर्च्यांसकट जसंच्या तसं ठेवलेलं आहे. १९८९ मध्ये या यंत्रणेत सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते. शिवाय शेजारी, सहकारी, मित्र अशा खबऱ्यांचं मोठं जाळं होतं. १५ जानेवारी १९९० रोजी नागरिक या आवारात घुसले. तोवर बरेच कागद नष्ट झाले होते, तरी सुमारे १११ किलोमीटर लांबीच्या फायली उरल्या.

१९९२ पासून लोकांना आपापली फाईल वाचता येऊ लागली. काहींना त्यात आपल्याच जोडीदाराचे अहवाल सापडले. विचार करा, तुमच्यापुढे अशी फाईल असती, तर तुम्ही ती उघडली असती का? ॲलिसनची फितुरी शेवटी पटकथा आहे. इथे मात्र खरे संसार मोडले.

आणखी एक गंमत. मालिकेत उद्योगपती झालेला सेबास्टियन कॉख हाच 'द लाइव्ज ऑफ अदर्स' (२००६) या ऑस्करविजेत्या चित्रपटात श्टाझीची पाळत असलेला नाटककार आहे. सहलीआधी हा चित्रपट जरूर पाहा.

भिंतीवर काय लिहिलं होतं?

या सीझनची सर्वात गाजलेली गोष्ट कथेबाहेर घडली. सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट खरा वाटावा म्हणून काही कलाकारांना अरबीत भिंती रंगवायला बोलावलं होतं. त्यांनी चक्क 'होमलँड वंशवादी आहे' असं लिहून ठेवलं. सेटवर कोणालाच ते वाचता आलं नाही आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तो भाग तसाच प्रसारित झाला. ज्यांच्याबद्दल गोष्ट सांगायची, त्यांची लिपीही कोणी वाचली नव्हती!

त्याच महिन्यात टेम्पलहोफ या बंद पडलेल्या विमानतळाच्या हँगरमध्ये खरेखुरे निर्वासित राहायला आले. १९४८-४९ मध्ये वेढ्यात अडकलेल्या पश्चिम बर्लिनला अन्न आणि कोळसा पुरवणारी विमानं इथेच उतरत. आज धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. मुलं बरोबर असतील, तर दुपार इथेच घालवा. प्रवेश मोफत आहे.

पूल आणि अश्रूंचा महाल

फ्रीडरिखश्ट्रासे स्टेशनाजवळचा 'ट्रेनेनपालास्ट', म्हणजे अश्रूंचा महाल, चुकवू नका. पश्चिमेकडे परतणाऱ्या नातलगांना पूर्वेकडचे लोक इथे निरोप देत. पुन्हा भेट कधी, हे कोणालाच ठाऊक नसे. आता तिथे संग्रहालय आहे, तेही मोफत.

शेवटी एस-७ ही लोकल पकडून वान्झेला जा आणि तिथून बसने ग्लीनिके पुलाकडे. १० फेब्रुवारी १९६२ रोजी इथे अमेरिकेने सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल सोडला आणि वैमानिक गॅरी पॉवर्सला परत घेतलं. आता खालून हाव्हेल नदी शांत वाहते, पुलावरून गाड्या आणि सायकली बिनदिक्कत ये-जा करतात.

जाण्यापूर्वी

शेंगेन व्हिसासाठी वेळेत अर्ज करा. वरच्या ठिकाणांना दोन दिवस सहज लागतात. मालिकेत हिंसा आहे, त्यामुळे ती मुलांना झोपवूनच पाहा. श्टाझी संग्रहालयात मात्र कॉलेजात जाणाऱ्या मुलांना आवर्जून न्या. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही' असं म्हणत आपण रोज फोनवर किती परवानग्या देऊन टाकतो! मील्के यांच्या टेबलासमोर उभं राहून या विषयावर मुलांशी बोला. घरी समजावण्यापेक्षा ते तिथे लवकर उमगेल.